नक्कल, प्रत आणि साक्ष : बाह्य डिस्कवरील फाइलींच्या पुनरावृत्तीचा इतिहास

१

हस्तलिखितांच्या अभ्यासकास एक प्रश्न पावलोपावली पडत असतो. समोर आलेली पोथी ही स्वतंत्र साक्षीदार आहे, की आपल्या संग्रही असलेल्याच एखाद्या पोथीवरून उतरविलेली ती केवळ नक्कल आहे? पहिल्या प्रकारची पोथी पाठनिश्चितीस मोलाची. दुसऱ्या प्रकारची बाजूस ठेवावयाची. एकोणिसाव्या शतकात कार्ल लाखमान याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संपादनपद्धतीत हा नियम रूढ झाला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेल्या व १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या कामातही हजाराहून अधिक हस्तलिखितांसमोर हाच प्रश्न उभा होता. सु. मं. कत्रे यांनी १९४१ साली भारतीय पाठचिकित्सेवर जो ग्रंथ लिहिला, त्यात या शास्त्राची मांडणी आपल्या वाचकांस परिचित आहेच.

प्रस्तुत निबंधाचा विषय वरवर पाहता याहून फार निराळा व काहीसा क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. संगणकातील फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरविताना त्याच फाइली पुन्हापुन्हा उतरल्या जाऊ नयेत, यासाठी कोणकोणते उपाय योजले गेले व त्यांतून काय निष्पन्न झाले, एवढाच हा विषय आहे. परंतु आज इतिहासाच्या संशोधकाची बहुतेक साधने छायाचित्रांच्या रूपाने अशाच डिस्कवर साठविलेली असतात. दफ्तरखान्यात दोन-तीन वर्षे बसून घेतलेली काही हजार छायाचित्रे हाच पुष्कळदा एखाद्या प्रबंधाचा सारा आधार असतो. तेव्हा यंत्र कोणत्या निकषावर ‘हे आधीच उतरविले आहे’ असे म्हणते, हे जाणून घेणे साधनचिकित्सेचाच एक भाग मानावयास हरकत नाही.

या प्रश्नाला कालक्रमाने तीन उत्तरे मिळाली असे दिसते. पहिले उत्तर नावाचे, दुसरे बाह्य खुणांचे व तिसरे प्रत्यक्ष मजकुराचे. प्रत्येक उत्तरात दोन प्रकारच्या चुका संभवतात. एक, जे एकच आहे त्यास दोन समजणे. यात जागा व वेळ फुकट जातो. दुसरी, जे दोन आहेत त्यांस एक समजणे; यात साधनच नष्ट होते. या दोन चुकांचे मोल सारखे नाही, हे सूत्र पुढील विवेचनात ध्यानी ठेवावे.

२

नावावरून ओळख पटविणे ही सर्वांत जुनी व सोपी रीत होय. ज्या डिस्कवर नक्कल करावयाची, तेथे त्याच नावाची फाइल असेल तर ती वगळावी, अथवा तिच्या जागी नवी ठेवावी, अथवा दोन्ही ठेवून एकीच्या नावापुढे अंक लावावा, असे तीन पर्याय आजही संगणक आपल्यापुढे ठेवतो. यांपैकी तिसरा पर्याय सर्वांत निर्धोक खरा. पण डिस्कवर एकाच छायाचित्राच्या चार-चार प्रती जमतात त्या बहुधा याच वाटेने.

नाव सारखे म्हणून वस्तू सारखी, हे अनुमान किती दुबळे आहे याचे उदाहरण कॅमेऱ्यांत सापडते. १९९८ साली जपानमध्ये कॅमेऱ्यातील फाइलींच्या मांडणीचे जे मानक ठरले, त्यानुसार चित्राच्या नावात चार अक्षरे व त्यापुढे ०००१ ते ९९९९ यांमधील चार अंक येतात. अर्थात दहा हजारावे चित्र काढले की गणना पुन्हा आरंभापासून सुरू होते. काही कॅमेऱ्यांत कार्ड बदलताच गणना नव्याने सुरू होऊ शकते. मार्च महिन्यात टिपलेला एक कागद व ऑगस्टमध्ये टिपलेला दुसराच कागद यांस एकच नाव मिळते. दोन्ही एका फोल्डरात टाकताना घाईने ‘जागी ठेवा’ म्हटले, की मार्चमधील कागद गेला. जे दोन आहेत त्यांस एक समजण्याची चूक ती हीच.

याच्या उलट चूक देवनागरी नावांच्या बाबतीत विशेष आढळते, व ती मराठी लेखकाने अवश्य समजून घ्यावी. ‘शेतकऱ्यांचे अर्ज’ हे नाव घ्या. यातील अर्ध्या र-काराची खूण युनिकोड या वर्णसंकेतात तीन रीतींनी लिहिता येते. ‘ऱ’ हे एकच स्वतंत्र चिन्ह योजता येते. साधा ‘र’ व त्याखालील नुक्ता अशी दोन चिन्हे योजता येतात. अथवा साधा ‘र’, हलन्तचिन्ह व त्यामागून एक अदृश्य जोडचिन्ह अशीही रचना चालते. डोळ्यांना तिन्ही रूपे एकच दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ती तीन निरनिराळ्या अंकमालिका आहेत. पहिली दोन रूपे समान मानावीत असा मानकाचा संकेत आहे. तिसऱ्यास तो संकेत लागू नाही. १९९८ साली अ‍ॅपलच्या संगणकांत आलेली एच्.एफ्.एस. प्लस ही फाइलव्यवस्था नावातील अशी जोडचिन्हे विलग करून साठवीत असे, तर लिनक्सवरील सर्वसाधारण फाइलव्यवस्था नाव जसे दिले तसेच ठेवते. परिणामी एका संगणकावरून दुसऱ्यावर गेलेले फोल्डर तेथील मूळ फोल्डरशेजारी त्याच नावाने, पण निराळे म्हणून उभे राहते. पोथीच्या पुष्पिकेत लेखकाचे नाव दोन लिपिकारांनी दोन वळणांनी लिहिले असता सूचीकाराने दोन ग्रंथकार कल्पावेत, तसाच हा प्रकार होय.

३

नाव पुरेसे नाही हे ध्यानात आल्यावर फाइलीच्या बाह्य खुणांकडे लक्ष गेले. त्यांत दोन खुणा मुख्य : फाइलीचे आकारमान व तिच्यात शेवटचा बदल झाल्याचा काळ. १९८६ साली एम्.एस.-डॉस या प्रणालीच्या ३.२ या आवृत्तीबरोबर ‘एक्सकॉपी’ ही आज्ञा आली. ठरावीक तारखेनंतर बदललेल्याच फाइली उतरविण्याची सोय तीत होती. तीच आज्ञा आणखी एका खुणेचा उपयोग करीत असे. प्रत्येक फाइलीच्या नोंदीत एक बिट राखून ठेवलेला असे. फाइल बदलली की तो उभा राही, व तिची नक्कल झाली की तो खाली पाडता येई. पुढल्या वेळी उभे बिट असलेल्याच फाइली घ्यावयाच्या.

योजना सुटसुटीत होती. पण तिच्यात एक मूलगामी उणीव होती. ‘नक्कल झाली’ एवढेच ते बिट सांगू शके. ती कोठे झाली हे सांगावयास त्यात जागाच नव्हती. एखाद्याने दक्षता म्हणून दोन बाह्य डिस्क बाळगल्या व प्रथम एकीवर नक्कल केली, तर सर्व बिटे खाली पडत. दुसरी डिस्क जोडताच उतरविण्यासारखे काहीच नाही असा निर्वाळा मिळे. प्रत अमक्या ठिकाणी आहे ही माहिती मूळ वस्तूच्या अंगावर लिहून भागत नाही; ती दोन स्थळांची तुलना करूनच मिळवावी लागते, असा धडा यातून मिळाला.

काळाच्या खुणेचीही कथा अशीच उद्बोधक आहे. जुन्या फॅट या फाइलव्यवस्थेत, जी छोट्या पेन ड्राइव्हवर व कार्डांवर अजून आढळते, बदलाची वेळ सोळा बिटांत बसविलेली आहे. तासांसाठी ५ बिटे, मिनिटांसाठी ६ बिटे. उरलेल्या ५ बिटांत ३२ हून अधिक अंक मावत नाहीत, म्हणून सेकंद दोन-दोनांच्या पावलांनी मोजले जातात. विंडोजच्या एन्.टी.एफ्.एस. या व्यवस्थेत मात्र हीच वेळ सेकंदाच्या एक कोटीव्या भागापर्यंत नोंदविली जाते. तेव्हा एकीवरून दुसरीवर नक्कल केली की वेळ जुळत नाही, व काहीही न बदललेला सारा संग्रह पुन्हा उतरविला जातो. शिवाय फॅट स्थानिक वेळ नोंदविते, तर एन्.टी.एफ्.एस. जागतिक प्रमाणवेळ. ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळे तासाने पुढे करतात, तेथे वर्षातून दोनदा सर्व फाइली एका तासाने ‘बदललेल्या’ दिसत. आपल्याकडे ही प्रथा नसल्याने हा त्रास जाणवला नाही. परंतु परदेशातील ग्रंथालयात काम करून परतलेल्या संशोधकास तो अपरिचित नसावा. विंडोजमधील ‘रोबोकॉपी’ या आज्ञेत दोन सेकंदांचा व एका तासाचा फरक क्षम्य मानण्यासाठी दोन वेगळे पर्याय ठेवावे लागले, यावरून ही अडचण किती सार्वत्रिक होती हे कळून येते.

येथे एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. बाह्य खुणांची ही पद्धत चुकली तर बहुधा पहिल्या, म्हणजे निरुपद्रवी बाजूस चुकते. शंका आली की ती पुन्हा नक्कल करते. जागा वाया जाते, पण कागद राहतो. ती आजही टिकून राहिली याचे, वेगाइतकेच, हेही एक कारण असावे.

४

मजकुरावरूनच ओळख पटवावयाची तर दोन फाइली अथपासून इतिपर्यंत ताडून पाहाव्या लागतात. फाइली दोनच असतील तर हे सोपे. पण वीस हजार फाइलींतील प्रत्येक जोडी ताडावयाची म्हटले तर जवळजवळ वीस कोटी तुलना होतात. यातून सुटण्याचा मार्ग मजकुराचा एक आखूड अंक बनविणे हा होय. या अंकास ‘हॅश’ म्हणतात. आय्.बी.एम्. या कंपनीतील हान्स पीटर लून याने जानेवारी १९५३ मध्ये एका अंतर्गत टिपणात ही कल्पना मांडली. तिचा हेतू शोध सुलभ करणे एवढाच होता. अंक सारखा आला की त्या कप्प्यात जावे, व तेथे जे असेल ते प्रत्यक्ष ताडून पाहावे. दोन निराळ्या गोष्टींचा अंक क्वचित एक येणारच, हे त्यात गृहीत होते. म्हणजे लूनच्या लेखी अंक हा पत्ता होता, पुरावा नव्हता.

पुढील चाळीस वर्षांत या अंकाचे स्वरूप पालटले. राल्फ मर्कल याने १९७९ साली अशा अंकांचे वृक्ष रचून मोठ्या संग्रहाची सचोटी एका अंकाने तपासण्याची युक्ती दिली. १९८१ साली मायकेल रेबिन याने बहुपदींच्या आधारे मजकुराचा ‘अंगुलिठसा’ घेण्याची रीत सांगितली. १९९२ साली रोनाल्ड रिव्हेस्ट याचे एम्.डी. ५ हे १२८ बिटांचे, व १९९५ साली अमेरिकन शासनाचे एस्.एच्.ए.-१ हे १६० बिटांचे सूत्र प्रसिद्ध झाले. आता दोन निराळ्या मजकुरांचा अंक योगायोगाने एक येणे व्यवहारात अशक्यप्राय झाले.

या साधनांचा नक्कल करण्याच्या कामी झालेला सर्वांत प्रसिद्ध उपयोग म्हणजे ‘आर्-सिंक’. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनी तो जून १९९६ मध्ये जाहीर केला. मंद तारेच्या दोन टोकांस एकाच फाइलीच्या जुन्या व नव्या आवृत्त्या आहेत. नवी सगळी न पाठविता फरकच पाठवावयाचा, असा त्यांचा प्रश्न होता. जुनी आवृत्ती असलेला संगणक तिचे सारखे तुकडे पाडून प्रत्येकाचे दोन अंक पाठवितो. एक कच्चा, झटपट निघणारा, व दुसरा पक्का. दुसरा संगणक नव्या आवृत्तीवरून एकेक अक्षर पुढे सरकत कच्चा अंक काढतो. मागील अक्षर वजा करावे व पुढील मिळवावे, एवढ्यानेच तो निघतो. कच्चा अंक जुळला तरच पक्का काढावयाचा. जो भाग कोठेच जुळत नाही, तेवढाच तारेवरून जातो.

तथापि आर्-सिंकविषयी दोन गैरसमज दूर करणे इष्ट आहे. कोणती फाइल हाताळावयाची हे तो मुळात आकारमान व काळ यांवरूनच ठरवितो. मजकुराचा अंक काढून ठरव, असे त्यास स्पष्ट सांगावे लागते. शिवाय दोन्ही डिस्क एकाच संगणकास जोडलेल्या असतील तर फरक शोधण्याचा खटाटोप न करता तो पूर्ण फाइलच उतरवितो. दुसरे असे की, तो फाइलीस तिच्या मार्गावरून ओळखतो. ‘पुणे दफ्तर’ या फोल्डराचे नाव बदलून ‘पेशवे दफ्तर’ केले, तर त्याच्या लेखी जुने सर्व नाहीसे झाले व नवे सर्व उत्पन्न झाले. जुने काढून टाकण्याची आज्ञा दिली नसेल तर बाह्य डिस्कवर तोच संग्रह दोन नावांनी नांदू लागतो. पुनरावृत्तीचा मोठा वाटा या नामांतरातूनच येतो.

यावरचा उपाय शतकाच्या आरंभी निघाला. २००१ साली मंदगती जाळ्यासाठी रचलेल्या एका फाइलव्यवस्थेत मुथिताचारोएन, चेन व मॅझिएरेस यांनी तुकड्यांच्या सीमा ठरावीक अंतरावर न ठेवता मजकुरातूनच ठरविल्या. ४८ अक्षरांच्या खिडकीतून रेबिनचा अंगुलिठसा घेत जावयाचे व तो विशिष्ट रूपाचा आला की तेथे तुकडा तोडावयाचा. सरासरी तुकडा ८ किलोबाइटांचा पडे. अध्यायाच्या आरंभी एक श्लोक घुसला म्हणून पुढील सर्व श्लोकांचे क्रमांक सरकतात, तरी संपादक त्या सर्वांस नवे श्लोक मानीत नाही. तो त्यांस क्रमांकावरून नव्हे, तर शब्दांवरून ओळखतो. ही युक्ती तीच होय. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, बेल प्रयोगशाळेतील शॉन क्विन्लन व शॉन डॉरवर्ड यांनी ‘व्हेन्टी’ हे भांडार प्रसिद्ध केले. त्यात तुकड्याचा एस्.एच्.ए.-१ अंक हाच त्याचा पत्ता. तोच मजकूर दुसऱ्यांदा लिहिला तर पत्ता तोच येतो, म्हणून तो दोनदा साठविला जाणे रचनेतच शक्य नाही. नाव बदलले, फोल्डर हलविले, तरी मजकुराची जागा बदलत नाही.

५

लूनच्या टिपणापासून व्हेन्टीपर्यंतच्या या पन्नास वर्षांत एक बदल नकळत झाला. पत्त्याचा पुरावा झाला. अंक सारखे म्हणून मजकूर सारखा, असे आता धरून चालले. प्रत्यक्ष ताडून पाहण्याची पायरी गळली. याविरुद्ध २००३ साली व्हॅल हेन्सन यांनी आक्षेप घेतला. योगायोगाची भीती नाही हे खरे. पण हॅशची सूत्रे काही वर्षांत मोडली जातात व साठविलेला मजकूर त्याहून दीर्घकाळ टिकावयाचा असतो. आणि चूक झालीच तर ती कोणास कळणारही नाही, असा त्यांचा मुद्दा होता. २००६ साली जॉन ब्लॅक यांनी उत्तर दिले की, सूत्र सबळ असेल व कोणी मुद्दाम घातपात करीत नसेल, तर ही तुलना ग्राह्य आहे. १६० बिटांच्या अंकात योगायोगाने एक जोडी जुळावयास सुमारे २ चा ८० वा घात, म्हणजे १२ वर २३ शून्ये इतके तुकडे जमावे लागतील. या दृष्टीने ब्लॅक यांचे म्हणणे नाकारता येत नाही.

परंतु इतिहासाने हेन्सन यांचीही बाजू राखली. एम्.डी. ५ मधील जुळणारी जोडी २००४ साली वांग शियाओयुन व सहकाऱ्यांनी दाखविली. फेब्रुवारी २०१७ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमची सी.डब्ल्यू.आय. ही संस्था व गूगल यांच्या संशोधकांनी एस्.एच्.ए.-१ अंक एकच असलेल्या दोन निरनिराळ्या पी.डी.एफ. फाइली प्रसिद्ध केल्या. त्याच सुमारास वेबकिट या प्रकल्पात या दोन फाइली परीक्षणासाठी भांडारात ठेवल्या गेल्या. ते भांडार सबव्हर्जन या प्रणालीवर चाले, व तीत पुनरावृत्ती टाळण्यासाठी हाच अंक योजलेला होता. दोन फाइली एक मानल्या गेल्या, व भांडाराचे काम अडले. धोक्याच्या चाचणीसाठी आणलेली वस्तूच धोका ठरली. एस्.एच्.ए.-२५६ हे पुढील सूत्र अद्याप अभंग आहे. परंतु येथे कायमचा निर्वाळा कोणत्याही सूत्रास देता येत नाही.

६

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मजकूर अक्षरशः एक आहे हे निर्विवाद ठरले, तरी दोहोंपैकी एक प्रत टाकून द्यावी काय?

पेशवे दफ्तरातील कागद रुमालांत बांधलेले असतात. एखाद्या संशोधकाने एक छायाचित्र रुमालाच्या क्रमांकाच्या फोल्डरात ठेवले व त्याचीच प्रत ‘महसुली तंटे’ या विषयाच्या फोल्डरात ठेवली. दोन्हींचा हॅश एकच आहे. पुनरावृत्ती काढणाऱ्या साधनाने पहिली प्रत काढली, तर मजकूर राहिला. पण हा कागद कोणत्या रुमालात, कोणत्या कागदांच्या शेजारी होता ही माहिती गेली. एकाच उगमाचे कागद एकत्र ठेवावेत व ते इतर संग्रहांत मिसळू नयेत, हे तत्त्व फ्रान्समध्ये १८४१ साली नाताली द व्हायी याच्या परिपत्रकाने अभिलेखशास्त्रात प्रस्थापित झाले, ते याच कारणास्तव. पाठचिकित्सेतही १९३४ साली ज्योर्ज्यो पास्क्वाली याने उत्तरकालीन प्रती आपोआप हीन मानू नयेत असा इशारा दिला होता. हॅश मजकुराची साक्ष देतो. स्थानाची साक्ष देणे त्याच्या अधिकारात नाही.

याहून मोठा धोका दुसरा आहे. बाह्य डिस्क ही मुळात पुनरावृत्तीसाठीच घेतलेली असते. एकाच डिस्कवरील दुसरी प्रत निरुपयोगी. ती डिस्क बिघडली की दोन्ही जातात. निराळ्या डिस्कवरील दुसरी प्रत मात्र साधनाचे जीवितच होय. पुनरावृत्ती काढणाऱ्या साधनास दोन्ही डिस्क एकदम दाखविल्या, तर ते प्रामाणिकपणे संरक्षक प्रतच पुसून टाकील. तसेच तुकडे एकदाच साठविणाऱ्या भांडारात एक तुकडा नासला, तर त्यावर अवलंबून असलेल्या सर्व फाइली एकदम नासतात. म्हणून अशा भांडाराचीही दुसरीकडे प्रत हवीच.

या इतिहासावरून संशोधकास घ्यावयाचा बोध असा. प्रथम, नाव हे प्रमाण मानू नये. कॅमेऱ्यातील फाइलींस उतरवितानाच तारीख व दफ्तर दर्शविणारी नावे द्यावीत. दुसरे, नित्याच्या नकलेसाठी आकारमान व काळ पुरेसे आहेत, कारण त्यांची चूक सहसा साधन नष्ट करीत नाही. तिसरे, संग्रहातील प्रत्येक फाइलीचा मार्ग व हॅश यांची यादी करून ती संग्रहाबरोबरच ठेवावी. अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेस व कॅलिफोर्निया डिजिटल लायब्ररी यांच्या प्रयत्नांतून सिद्ध होऊन २०१८ साली औपचारिक रूपात प्रसिद्ध झालेली ‘बॅग-इट’ ही पद्धत हेच सांगते. चौथे, काही पुसावयाचेच असेल तर ते एकाच डिस्कच्या अंतर्गत, ही यादी हाती असताना, व अंक जुळलेल्या फाइली प्रत्यक्ष ताडून पाहिल्यावरच पुसावे. ही शेवटची पायरी लूनने १९५३ साली सांगितलेलीच आहे, व आजच्या यंत्रांस ती जड नाही.

पोथ्यांच्या संपादकाने नक्कल म्हणून बाजूस सारलेली पोथी जाळली नाही. तिची नोंद केली, तिचा मूलाधार सांगितला व तिला कपाटात जागा दिली. संशोधनासाठी वगळणे व जगातून नाहीसे करणे या दोन क्रिया त्याने कधी एक मानल्या नाहीत. यंत्राच्या एका आज्ञेत त्या दोन्ही एक होऊन बसल्या आहेत. त्यांस पुन्हा वेगळे करणे हे यंत्राचे नव्हे, तर ते वापरणाऱ्या अभ्यासकाचे कर्तव्य आहे.